गजराबाईच्या पोटाचं केळवण

एका जंगलात एक भांडण चांगलं तापलेलं होतं, मुलांनो, आणि आपल्याला यायला जरा उशीर झाला. तेव्हा आवाज न करता मागे बसा आणि ऐका.

"बारसंसुद्धा उरकलंत? मला न विचारता?" घाटाच्या खालून आवाज वर गेला.

"विचारलं होतं, विहीणबाई. तुम्ही पहिल्या वळणावरच्या धोंड्यावर बसलात त्या उठलाच नाहीत. पोरीला काय बिननावाची ठेवायची होती?" घाटाच्या वरून आवाज खाली आला.

मध्ये डोंगर. तो बिचारा दोघींचे शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता. त्यामुळे चार बायका भांडताहेत असं जंगलाला वाटत होतं.

खालची ती गजराबाई. वरची ती सुंद्राबाई. दोघी गविणी, म्हणजे गव्यांच्या कळपातल्या बायका. गवे कसे असतात ठाऊक आहे ना? अंगानं काळेभोर, शिंगं बाकदार, आणि चारी पायांत पांढरे मोजे घालूनच जन्माला आलेले. गजराबाईची लेक शेवंता सुंद्राबाईच्या घरी दिलेली. सुंद्राबाईचा कळप वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, राहायचा. शेवंताला मुलगी झाली. तिचं नाव जुई ठेवलं. गजराबाईला नातीचं नाव कळलं तेही डोंगराच्या तोंडून.

नात तिनं अजून पाहिली नव्हती. कारण गजराबाई लठ्ठ होती.

उगाच 'अंगानं भरलेली' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. लठ्ठ होती. त्यात तिचा गुन्हा काही नव्हता. तिची आई तशीच होती, आजीही तशीच होती. पण चढ लागला की गजराबाईचे गुडघे कुरकुरायचे, छातीचा भाता व्हायचा, आणि झोपेत ती अशी घोरायची की वाघसुद्धा लांबून वळसा घालून जायचा.

सुंद्राबाई मात्र काटकी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही उपास सोडायची नाही. आणि मधल्या दिवशी उपासांबद्दल बोलायची.

"मनावर ताबा हवा, विहीणबाई," ती वरून म्हणाली. "मी बघा. जरा मनावर घेतलं की सगळं होतं."

"होतं", "होतं", असं डोंगरही म्हणाला. गजराबाईला डोंगराचा राग आला.

"आता सड्यावर कोवळं गवत फुटेल," सुंद्राबाई पुढे म्हणाली, "तेव्हा जुईचं उष्टावण. पहिला घास आजोळच्या आजीनं भरवायचा हे मला मान्य आहे. आलात तर तुम्ही भरवा. नाही आलात तर मी भरवीन. पोर काही उपाशी राहणार नाही."

"त्या घासावर माझा हक्क आहे."

"हक्क चढून येऊन घ्यायचा असतो," सुंद्राबाई म्हणाली आणि रवंथ करायला निघून गेली.

गजराबाई रडली नाही. तिनं शिंगांनी एक वारूळ सपाट केलं आणि तडक पाणवठ्यावर डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर म्हणजे करकोचा. त्याची चोच अशी लांब आणि बारीक की तो पोट फाडायचाच नाही. बोराएवढी चारदोन भोकं पाडायचा, चोच आत घालायचा, काय कापायचं ते कापायचा आणि बाहेर येऊन शिवायचा. त्याच्याशेजारी शेकरू बसायची. कोणी काय खावं हे सांगणं तिचं काम. ती स्वतः दिवसभर एकच बी कुरतडायची आणि दुसऱ्यांच्या जेवणाबद्दल बोलायची.

"आधी काय काय करून पाहिलंत?" करकोच्यानं विचारलं.

"कोरफड खाल्ली. सशांबरोबर पहाटे धावले, तर तीन ससे चेंगरता चेंगरता वाचले. मग अजगर म्हणाला, महिन्यातून एकदाच जेवा. तसं केलं."

"मग?"

"त्या एका दिवशी बांबूचं बेट संपलं."

करकोच्यानं मान डोलावली. तो हसला नाही, म्हणून गजराबाईला तो आवडला.

"तुम्हा लोकांना पोटाचे चार कप्पे," तो म्हणाला. "पहिला कप्पा म्हणजे नुसतं गोदाम. मी ते गोदाम लहान करतो."

"आणि बाकीचे तीन?"

"ते बिचारे कामाला आहेत. त्यांना हात लावत नाही."

"आणि मग मी घाट चढेन?"

"मी फक्त गोदाम लहान करीन, गजराबाई. घाट तुम्हालाच चढायचाय. पुढे जन्मभर थोडं थोडं खायचं, रोज चालायचं, वेळच्या वेळी पाला-औषध घ्यायचं. यात कोणाची जादू नाही."

"चालेल," गजराबाई म्हणाली.

"पण आधी एक. तुमचं यकृत फुगून पोटावर चढून बसलंय. ते आकसलं नाही तर माझी चोच पुढे सरकणार नाही. तेव्हा ऑपरेशनपर्यंत फक्त पातळ. पेजेचं पाणी, कुळथाचं कढण. चावायचं काही नाही."

"काही म्हणजे काही नाही," शेकरू म्हणाली आणि बी कुरतडली.

आता मुलांनो, ऑपरेशन एवढ्यावर झालं असतं आणि गोष्ट संपली असती. पण पाणवठ्यावरच्या जांभळीवर एक माकडीण बसली होती.

संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं, की बिचाऱ्या गजराबाईचं पोट जाणार. आता ती पुन्हा कधी जेवणार? कसली पंगत, कसला आग्रह? आणि जंगलातल्या सगळ्या बायकांच्या पोटात एकदम तुटलं. लग्न ठरलेल्या पोरीला सगे-सोयरे घरोघरी बोलावून जेवू घालतात ना, केळवण करतात ना? तसं गजराबाईच्या पोटाचं केळवण करायचं ठरलं.

पहिला मान अस्वलिणीनं घेतला. मोहाच्या फुलांची खीर.

"नको," गजराबाई म्हणाली. "डॉक्टरांनी..."

"ऑपरेशननंतर नको. आज काय त्याचं?" अस्वलिणीनं द्रोण भरला. "माझ्या हातचं कडू लागतं का?"

दुसऱ्या दिवशी साळिंदरीण. उंबराचा शिरा.

"नको, खरंच नको."

"अस्वलिणीकडे खाल्लंत ना? मग आमच्याकडेच नको?"

मग भेकरीण, मग उदमांजरीण, मग सशांच्या सतरा बिऱ्हाडांनी मिळून एक. जंगलातली रीतच अशी होती, की पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं 'नको' लाजेचं आणि तिसरं 'नको' म्हणजे वाढा आता. चौथ्यांदा म्हणायला तोंड रिकामं राहायचं नाही. शेवटी तर वाढणाऱ्या तिला ओवाळायच्या, पानाभोवती फुलं मांडायच्या, आणि माकडीण वरून उखाणा घ्यायचा आग्रह करायची.

गजराबाईही काही दगडाची नव्हती. इतके दिवस जंगलानं तिचं खाणं नुसतं मोजलं होतं. आता प्रथमच कोणी तिला प्रेमानं वाढत होतं. तिला बरं वाटत होतं, आणि खीर चांगली होती.

ऑपरेशनच्या दिवशी करकोच्यानं तिच्या बरगड्यांखाली चोच टेकवली. मग चोच उचलून तिच्याकडे पाहिलं.

"काय खाल्लंत?"

"पातळच."

"पातळ काय?"

"मोहाची खीर."

"आणखी?"

"आमरस. तुम्ही चावायचं नाही म्हणालात. एकदाही चावला नाही."

शेकरूच्या हातातली बी खाली पडली.

"यकृत होतं त्याहून मोठं झालंय," करकोचा म्हणाला. "आज चोच घातली तर तुम्ही घाट चढणार नाही, तुमच्यासाठी दुसरे कोणी खड्डा खणतील. घरी जा. आणखी एकदा बघेन. तेव्हाही असंच असलं तर माझ्याकडे येऊ नका."

गजराबाई परत निघाली. वाटेत तिनं वर पाहिलं. सड्याच्या कडेला हिरवी रेघ दिसायला लागली होती. गवत फुटत होतं.

आणि वरून आवाज आला, "केळवणं झाली म्हणे. अख्खं जंगल जेवलं. विहिणीला निरोप नाही. आमचा मान तेवढा राहिला."

गजराबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. चांगलं झणझणीत उत्तर होतं. पण ते तिनं गिळलं, पातळ असल्यासारखं. कारण तिला एकदम एक गोष्ट सुचली होती.

"चुकलंच, विहीणबाई," ती वर ओरडली. "नवरीबरोबर करवली हवी, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही माझ्या करवली व्हा. तुमच्याशिवाय पुढचं केळवण होणार नाही."

सुंद्राबाईला इतका मान आजवर कोणी दिला नव्हता.

"येते," ती म्हणाली. "पण मी खात नाही हं फारसं."

ती ठुमकत घाट उतरली, आणि गजराबाईनं जंगलात नवा नियम जाहीर केला. नवरीच्या पानातलं करवलीनं खाल्लं तर ते नवरीला पोचतं. असा नियम कोणी ऐकला नव्हता, पण चुकीचा आहे म्हणून सांगायला कोणाला धीर झाला नाही. शिवाय बायकांना रिकामं पान पाहायचं होतं. ते कोण रिकामं करतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

घुशीकडे सुरणाचे काप होते. गजराबाईनं कुळथाचं कढण घोट घोट प्यायलं आणि दुसरीकडे बघत राहिली. तिच्या तोंडाला सुटलेल्या पाण्यात बेडूक पोहला असता.

"नको," सुंद्राबाई म्हणाली. "माझा आज सोमवार."

"सुरण उपासाला चालतो," घूस म्हणाली.

"तरी नको."

"करवलीनं नाही म्हणायचं नसतं. विहीणबाईंचं ऑपरेशन बिघडलं तर?"

सुंद्राबाईनं खाल्लं. अन्न टाकू नये हे तर तिचं तत्त्वच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तत्त्वासाठी थोडं जास्त खाल्लं. पुढे पुढे 'नको' म्हणताना ती पान जरा पुढे सरकवायला लागली.

या वेळी करकोच्यानं चोच टेकवली आणि म्हणाला, "आकसलंय. या आत."

गजराबाई शुद्धीवर आली तेव्हा तिला पहिल्यांदा खांदा दुखतोय असं कळलं.

"पोट कापलंत ना? मग खांदा का दुखतो?"

"चोच फिरायला जागा व्हावी म्हणून आत हवा भरली होती, ती बाहेर पडायची वाट शोधतेय," करकोचा म्हणाला. "उठा. चाला."

"आत्ता?"

"आत्ता. निजून राहिलात तर रक्त साखळेल."

ती उठली. वडापर्यंत गेली आणि परत आली. भोकं ओढत होती, डोळ्यांपुढे काजवे नाचत होते. जिच्या पिण्यानं पाणवठ्याची पातळी उतरायची, तिच्यापुढे शेकरूनं एक द्रोण पाणी ठेवलं.

"हे दिवसभर. एक घोट घ्यायचा. मग थांबायचं."

"किती थांबायचं?"

"कंटाळा येईपर्यंत. मग आणखी थोडं."

पाण्यावरून पेज आली, पेजेवरून दाट पेज, दाट पेजेवरून कुसकरलेली कोवळी पानं. खाताना पाणी नाही, पिताना खाणं नाही. एकदा तिनं कोणाचं लक्ष नाही असं पाहून मध चाटला. अंग थरथरलं, घाम फुटला, दुपारभर ती डोळे मिटून पडून राहिली आणि मधमाश्यांना नावं ठेवत राहिली. शेपटीचा झुपका गळला. माकडिणीनं तो लगेच जंगलभर दाखवून आणला. शेकरू म्हणाली, "येईल परत. कढण सोडू नका."

सगळ्यात वाईट म्हणजे रवंथ. पोटात रवंथ करण्याइतकं काही नसायचं, तरी सांज झाली की जबडा आपोआप चालायला लागायचा. गजराबाई जुनी जेवणं आठवून आठवून चघळायची. शेवंताच्या लग्नातली पंगत तिनं अशी कित्येकदा पुन्हा जेवली. पोटाची भूक गेली होती. डोक्यातली भूक कापायला करकोच्याची चोच पोचत नव्हती.

आणि आजाऱ्याला भेटायला जंगल आलं. रिकाम्या हातानं कोण येतं? अस्वलीण खीर घेऊन आली, साळिंदरीण शिरा घेऊन आली.

गजराबाई सवयीनं म्हणाली, "नको. डॉक्टरांनी नको म्हटलंय." आणि पोटावरचे टाके दाखवले.

"अगं बाई," अस्वलीण म्हणाली. "मग नको हं. मुळीच नको." आणि द्रोण मागे घेतला.

गजराबाई थक्क झाली. तेच तोंड, तोच शब्द. आयुष्यभर म्हणत आली, तर कोणाच्या कानात शिरला नाही. आज चार टाके दाखवले तर पहिल्या फटक्यात शिरला.

पण आणलेला द्रोण परत कसा न्यायचा? तो सुंद्राबाईपुढे जायचा. ती विहिणीच्या सेवेला राहिली होती ना. गजराबाईचं गोदाम लहान झालं तसं सुंद्राबाईचं वाढत गेलं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळं जंगल गजराबाईकडे बघत होतं.

"फारच उतरली," साळिंदरीण म्हणायची. "तोंडावरची कळा गेली."

"आधी बरी दिसायची," म्हणायची भेकरीण. आधी काय म्हणायची ते तिला आठवत नव्हतं.

"कापून घेतलं, त्यात काय मोठंसं?" सुंद्राबाई तोंड भरलेलं असताना म्हणायची. "मनावर ताबा ठेवून उतरवलं असतं तर मी मानलं असतं."

शेवटी सडा हिरवागार झाला, आणि शेवंताचा निरोप आला. उद्या उष्टावण.

सकाळी दोघी विहिणी निघाल्या. पहिल्या वळणावर धोंडा होता, गजराबाईच्या ओळखीचा. त्याच्यापाशी ती थांबली. गुडघे कुरकुरले, पण जुन्या सवयीनं, खरं म्हणजे तक्रार नव्हती. तिनं मागे पाहिलं.

सुंद्राबाई धोंड्यावर बसली होती. छातीचा भाता झाला होता.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आलेच."

"दम खा. मी थांबते."

"मुहूर्त जाईल. व्हा म्हटलं ना."

गजराबाई पुढे झाली. चढली, थांबली, एक घोट पाणी प्यायली, पुन्हा चढली. सड्यावर पाऊल ठेवलं तेव्हा वारा असा आला, की ती हसायलाच लागली. एकटीच. वाघानं ऐकलं आणि सवयीनं वळसा घातला.

शेवंतानं आईला आधी ओळखलंच नाही. मग मानेत मान घालून कितीतरी वेळ उभी राहिली. जुईनं आजीला हुंगलं. उतरलेल्या अंगाची कातडी पोटाखाली पडद्यासारखी लोंबत होती. जुई त्या पडद्याआड शिरली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. पुन्हा शिरली. अशी आजी दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

गजराबाईनं सगळ्यात कोवळं गवत निवडलं आणि पहिला घास भरवला. मग तेवढाच घास स्वतः घेतला. एक नुकतीच पेजेवरून गवतावर आलेली, दुसरी दुधावरून. दोघींचा घास एवढासा. आजी सावकाश चावत होती, म्हणून नातही सावकाश चावत होती. सगळा कळप म्हणाला, केवढं समजूतदार वासरू.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"उष्टावण उरकलंत? मला सोडून?"

"विचारलं होतं, विहीणबाई. तुम्ही पहिल्या वळणावर बसलात त्या उठलाच नाहीत."

"हे तुमचं कारस्थान आहे. मला करवली केलंत आणि फुगवलंत."

"करवली मी केलं. घास तुम्ही घेतलेत."

"आणि आता मी माझ्या घरी कशी येऊ? माझी नात वर, मी खाली."

"माझीही वरच होती. किती दिवस, आठवतं?"

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला खायला आवडायचं. मी नको म्हणत होते, विहीणबाई. रोज म्हणत होते. कोणी ऐकलं का?"

"ऐकलं का", "ऐकलं का", डोंगरानं विचारलं.

गजराबाईजवळ उत्तर तयार होतं. मनावर ताबा हवा, विहीणबाई. जरा मनावर घेतलं की सगळं होतं. सुंद्राबाईनं तिला ते ऐकवलं त्या दिवसापासून तिनं ते जपून ठेवलं होतं, चघळून चघळून गुळगुळीत केलं होतं. ती कड्याच्या टोकाशी गेली. जुई पडद्यातून डोकं काढून बघत होती.

तात्पर्य: आता तुम्ही पाठ केलेलं म्हणून दाखवाल, की बेतानं खावं, जिभेवर ताबा ठेवावा. खाली बसा. तसलं काही नाही. तात्पर्य एवढंच, की 'नको' हा शब्द नुसत्या तोंडानं म्हटला तर जगात कोणाला ऐकू येत नाही, त्याला टाके घालावे लागतात. ज्यांना पोट कापून घ्यायचं नसेल त्यांनी निदान पोटाला पट्टी बांधून पंगतीला जावं. राहिलं भांडण. ते तिथल्या तिथे मिटलं, कारण ते जपून ठेवलेलं उत्तरही गजराबाईनं गिळलं आणि खाली ओरडून सांगितलं:

"उद्या मी खाली येते, विहीणबाई, आता तुमची करवली मी, पण माझ्यात एकच घास मावतो, तेव्हा तुमच्या पानातलं मी जेवणार नाही, तुमच्या वतीनं नुसतं नको म्हणेन, आणि ते इथे सड्यावर जुईला ऐकू येईल असं म्हणेन."